मालवणला स्कुबाला येणाऱ्यांनो, बिस्किटाचा पुडा तेवढा घरी ठेवा

पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव आणि हल्ली तर नागपूरहूनसुद्धा गाड्या भरभरून मालवण-तारकर्लीला येणाऱ्या तमाम मंडळींनो,

नमस्कार. आधीच सांगून टाकतो, हे पत्र तुम्हाला येऊ नका म्हणायला नाहीये. तुम्ही आलात की आमच्या चुली पेटतात. माझा स्वतःचा छोटासा होमस्टे आहे, ऑक्टोबर ते मे जे काही चार पैसे मिळतात ते तुमच्याच जिवावर, त्यामुळे तुमच्यावर डाफरायची माझी ऐपत पण नाही आणि इच्छा पण नाही. 'येवा, कोकण आपलोच आसा' हे आम्हीच बोलून ठेवलंय. पण आपलोच म्हटल्यावर थोडं आपलं असल्यासारखं वागायला पण लागतं ना, म्हणून लिहितोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

विषय कोरलचा आहे. प्रवाळ. तुम्ही होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला जाता, नाकावर मास्क चढवता, तोंडात ती नळी धरता, इन्स्ट्रक्टर पाठीमागून सिलेंडरला धरून तुम्हाला खाली नेतो आणि पाण्यात बिस्कीट चुरलं की काळे-पिवळे पट्टेवाले मासे तुमच्या तोंडाभोवती गोळा होतात, तुम्ही अंगठ्याची आणि तर्जनीची गोल खूण करून सगळं ओके म्हणता, व्हिडिओ निघतो, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो स्टेटसला पडतो. मी तो बघतो कारण तुम्ही मलाच दाखवता, सोलकढी वाढताना. तर त्या व्हिडिओत माशांच्या मागे जे काहीतरी मातकट, खडबडीत, दगडासारखं दिसतं, तुमच्यापैकी बहुतेकांचं लक्षच जात नाही त्याच्याकडे, पण सगळा खेळ त्याच्यामुळे चाललाय.

तो दगड नाहीये. जिवंत आहे. प्राणी आहे, झाड पण नाही. लहान लहान, काही तर मोहरीएवढे प्राणी, पॉलिप म्हणतात त्यांना, हजारोंनी एकत्र राहतात आणि स्वतःखाली चुन्याचं घर बांधत जातात, एक पिढी गेली की तिच्या घरावर पुढची. आपल्या मालवणच्या पाण्यात पोराईट्स नावाचं गोळ्यासारखं कोरल आहे, ते वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, म्हणजे फूटभर उंचीचा गोळा दिसला तर तो तीसेक वर्षांचा धरा, तुमच्यापैकी कित्येकांपेक्षा वयाने मोठा. त्याच्यावर उभं राहून फोटो काढला जातो. टर्बिनारिया म्हणून दुसरं एक आहे, पसरट, वाटीसारखं किंवा ताटलीसारखं, त्याची कड पातळ असते, कुणी हात टेकला, पायातली फिन (पोहायचा पंखा) लागली की कटकन तुटते.

आता एक तक्रार जी मला दर सीझनला ऐकायला मिळते. 'अहो, यूट्यूबवर काय कलरफुल दाखवतात आणि इथे सगळं तपकिरी, फसवलं की हो आम्हाला.' यात थोडी चूक आमच्याकडच्यांची आहे, बोर्डावर मालदीवचे फोटो लावले की माणूस मालदीवच शोधणार. आणि कुणी सुरू केलं माहीत नाही ते 'कोकणातलं मालदीव', मला तर चीड येते, अरे मालवण आहे ते, मालवणच राहू दे. आपल्याकडे पावसाळ्यात खाड्या गाळ आणि गोडं पाणी आणून ओततात, समुद्र महिनोन् महिने गढूळ असतो, त्यात तग धरून राहिलेली ही दणकट जात आहे. कोकणी माणसासारखी रंगाने सावळी.

पण मुख्य गोष्ट अशी की तपकिरी असणं हीच कोरलची तब्येत चांगली असल्याची खूण आहे. हे कळलं की पुढचं सगळं कळतं म्हणून जरा थांबून सांगतो. पॉलिपचं अंग खरं तर काचेसारखं असतं, आरपार. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शेवाळं राहतं, त्या शेवाळाचा तो तपकिरी रंग. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर शेवाळ हे पेइंग गेस्ट आणि कोरल घरमालक, फक्त हे गेस्ट असे आहेत की तेच उन्हावर स्वयंपाक करतात आणि मालकाला जेवू घालतात, कोरलला लागणाऱ्या अन्नापैकी ९० टक्क्यांपर्यंत त्यांच्याकडून येतं. असे गेस्ट मला मिळाले तर मी बोर्ड काढून ठेवीन. पण समुद्राचं पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यातल्या तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि चार-सहा आठवडे तसंच राहिलं की हे शेवाळ बिघडतं, त्याच्यातून विषारी ऑक्सिजनचे प्रकार बाहेर पडायला लागतात आणि कोरल नाइलाजाने त्याला हाकलून देतं. मग राहतं काय, तर काचेसारखं अंग आणि त्यातून दिसणारा खालचा पांढराफटक चुना. ह्याला ब्लीचिंग म्हणतात. काही कोरल तर मरायच्या आधी निळी-जांभळी-हिरवी निऑनसारखी चमकतात.

आणि नेमका त्याचाच फोटो लोक काढतात हो. पांढरंशुभ्र कोरल, निळं पाणी, खाली 'नेचर अॅट इट्स बेस्ट'. ते उपाशी मरत असतं तिथे. लगेच मेलेलं नसतं, हे लक्षात ठेवा, पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत येतं आणि कोरल उठून बसतं. नाही झालं तर काही आठवड्यांत त्याच्यावर केसाळ हिरवं शेवाळ चढतं, ते वेगळं, ते बाहेरचं, आणि मग खेळ खलास.

हे नुसतं आपल्याकडे चाललंय असं नाही. अमेरिकेच्या नोआ ह्या समुद्र-हवामानाच्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की जगभर एकाच वेळी ब्लीचिंग चालू आहे, अशी ही चौथी खेप, आधीच्या तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते १७. चौथी सगळ्यात मोठी निघाली, ८० च्या वर देशांत, जगातल्या रीफच्या, म्हणजे कोरलने बांधलेल्या खडकांच्या, ८० टक्क्यांहून जास्त भागाला ती उष्णता लागली. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ घ्या, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. वर्षं वाचा नुसती. सावरायला जिथे दहा वर्षं लागतात तिथे मध्ये जेमतेम एक ते तीन वर्षं मिळतायत.

आपल्या देशात सगळ्यात वाईट हाल लक्षद्वीपचे. तिथली बेटंच मुळात कोरलची आहेत, जमीन म्हणजे कोरलचा चुरा, विहिरीचं गोडं पाणी त्या चुऱ्यात साठलेलं, आणि बाहेरची रीफ लाटा अडवते म्हणून बेट जागेवर आहे. अगत्ती, कदमत, कवरत्तीला अभ्यासकांनी १९९८ पासून २४ वर्षं नोंदी ठेवल्या, जिवंत कोरलचं प्रमाण साधारण ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे निम्मं. वर २०२४ मध्ये परत मोठं ब्लीचिंग झालं. आणि रीफ गेली तर बेटाचं काय होतं ह्याचं उदाहरण तमिळनाडूत मन्नारच्या आखातात आहे, २१ बेटं होती, त्यातली दोन पाण्याखाली गेली, कारण चुन्यासाठी कोरल खणून खणून नेलं होतं लोकांनी.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाबा रे, हे तर ग्लोबल वॉर्मिंग आहे, तेलकंपन्या, कोळसा, अमेरिका, चीन, त्यात माझ्या बिस्किटाने काय होणार. बरोबर आहे. हा प्रश्न मला आवडतो कारण बहुतेक जनजागृतीवाले इथे खोटं बोलतात. ते सांगतात तुम्ही प्लास्टिकची स्ट्रॉ वापरू नका म्हणजे रीफ वाचेल. नाही वाचणार. पुण्यातच पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी हिंदी महासागराचा अभ्यास करतात, १९५० ते २०२० मध्ये हा महासागर शतकाला १.२ अंश ह्या वेगाने तापला आणि पुढे तो वेग वाढणार असा त्यांचा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान तज्ज्ञांच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१८ च्या रिपोर्टमध्ये तर सरळ लिहिलंय, पृथ्वी १.५ अंशाने तापली तर ७० ते ९० टक्के कोरल जाणार, २ अंशाने तापली तर जवळपास सगळंच. त्याच्यापुढे मी आणि तुम्ही मालवणच्या जेटीवर उभं राहून काय करणार.

पण आता उलट बाजूने बघा. ज्याला ताप आलाय तो बरा होईल की नाही हे तापावर जेवढं अवलंबून, तेवढंच बाकी त्याला काय काय सोसावं लागतंय त्याच्यावर. ब्लीच झालेलं कोरल उपाशी असतं, त्याच्याकडे शिल्लक ताकद थोडी असते. ती जखम भरायला जाते का, अंगावर उडालेला गाळ झटकायला जाते का, की शेवाळ परत येईपर्यंत जिवंत राहायला जाते, एवढाच प्रश्न आहे. उन्हाचं आपल्या हातात नाही. पाय, नांगर आणि बिस्कीट हे शंभर टक्के आपल्या हातात आहे. मालवणला २०१५-१६ च्या सुमाराला ब्लीचिंग झालं होतं, गोव्याच्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी त्याच्या नोंदी केल्यात, आणि त्या वेळी बरंचसं कोरल परत उठलं. दणकट जात, म्हटलं ना. पण दणकट आहे म्हणून रोज लाथा घालायच्या का?

आता बिस्कीट. पाच रुपयांचा पुडा, पाण्यात चुरला की मासे तुटून पडतात. त्यातले बहुतेक ते काळे-पिवळे पट्टेवाले, सार्जंट मेजर त्यांचं नाव, मुळात दांडगे. तुम्हाला वाटतं वा काय मासे आहेत मालवणला, पण एकाच जातीची गर्दी आहे ती, होडीचं इंजिन ऐकून येतात, सवय लावलीय आपण. मैदा, साखर, पामतेल हे माशाचं खाणं नाही. आणि रोज फुकट मिळायला लागलं की जे मासे कोरलवरचं शेवाळ खरवडून खायचे त्यातले काही पण तिथेच घुटमळतात, लाजरे मासे गर्दीला घाबरून दुसरीकडे जातात, उरलेला लगदा खाली बसून सडतो. शेवाळाला आयतं खत. म्हणजे ज्या कोरलमुळे मासे आहेत त्याचेच साफसफाई कामगार आपण बिस्किटावर फितवलेत.

नांगर हा बिस्किटापेक्षा वाईट आहे आणि तो तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही तेव्हा सेल्फीत असता. आमच्या छोट्या होड्यांचा नांगर म्हणजे लोखंडी सळया वाकवून केलेले चार आकडे, दोराला बांधलेले. स्पॉटवर पोचलं की टाकला. तो वाळूत पडला तर काही नाही. खडकावर पडला तर होडी वाऱ्याने फिरते तसा दोर ताणतो, आकडा सरकत सरकत कशात तरी अडकतो, मग निघताना तो पुढे जाऊन, मागे जाऊन, हिसडे देऊन काढायचा. एकदा पाण्यात मान घालून बघा तो निघताना. टर्बिनारियाच्या ताटलीचा तुकडा उलटा पडलेला असतो, मोडलेली कड खडूसारखी पांढरी, आणि आजूबाजूला बारीक चुऱ्याचा ढग. संध्याकाळपर्यंत त्याच जागी दुसऱ्या होडीचा नांगर. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे जुने रापणवाले असं दिसलं की ओरडायचे, 'अरे थंय टाकू नको रे', त्यांना पाण्याखालचं खडप, म्हणजे खडक, कुठे आहे ते तोंडपाठ, जाळं फाटायची भीती. आता ते ओरडत नाहीत, त्यांची पोरंच होडीवर आहेत.

पोरांना दोष देणं सोपं आहे, मी पण देतो अधूनमधून. पण त्यांचं ऐका जरा. पर्ससीनच्या भल्यामोठ्या जाळ्यांनी आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांनी समुद्र खरवडून नेला, रापणीला पूर्वीसारखं मिळत नाही, म्हणून ही पोरं पर्यटनात आली. सीझन आठ-नऊ महिन्यांचा, पावसाळ्यात सगळं बंद. डोक्यावर होडीचं कर्ज. दर पाडण्याची शर्यत अशी की आज शेजारच्याने शंभराने कमी केलं की उद्या ह्याला करावं लागतं. आणि गिऱ्हाईक वर आल्यावर पहिलं काय विचारतं? 'मासे कमी होते, बिस्कीट नाही का टाकलं?' एकाने माझ्यासमोर ह्याच कारणावरून अर्धे पैसे परत मागितले होते आणि खाली एक स्टार देऊन गेला. पोराने बिस्कीट टाकलं नाही म्हणून एक स्टार! मग पुढच्या होडीला त्याने दोन पुडे नेले, कोण नाही नेणार.

म्हणून हे पत्र सरकारला नाही, तुम्हाला लिहितोय. सरकारचं काम करून झालंय, निदान कागदावर. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्येच जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूच्या खडपांचा भाग कोअर झोन. म्हणजे तुम्ही जिथे मजा करता ते जवळपास अभयारण्याचं काळीज आहे. जंगलात कोअर झोनमध्ये तुम्हाला गाडीतून खाली पण उतरू देत नाहीत, इथे आम्ही उड्या मारायला लावतो. का, तर मच्छीमारांचा ह्या अभयारण्याला पहिल्यापासून विरोध, आणि तो उगाच नाही, कुणाला न विचारता नकाशावर रेघ ओढली असं जुनी माणसं अजून म्हणतात आणि आपली मासेमारी बंद होईल ही भीती आहेच. त्या भांडणात अभयारण्य राहिलं बोर्डापुरतं.

कायदा तर आणखी कडक आहे. २००१ पासून रीफ बांधणारी सगळी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, ज्यात वाघ आहे त्याच यादीत. मोडलं, उचललं तर तुरुंग. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी आठवतंय का, वरळी आणि हाजीअलीला खडकांवर कोरलच्या १८ वसाहती सापडल्या, हो मुंबईत, गटाराच्या पाण्यात जगलेल्या, आणि २०२० मध्ये वनखात्याची परवानगी काढून, एनआयओची माणसं बोलावून, त्या तिथून अलगद काढून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. अख्खा कोट्यवधींचा रस्ता तळहाताएवढ्या जिवांसाठी कागदपत्रं घेऊन उभा होता. आणि इकडे मालवणला शाळेची सहल येते तेव्हा मुलं त्याच्यावर उभी राहून गटाचा फोटो काढतात.

सिंधुदुर्गाच्या तटावर कुणी खिळ्याने बदाम काढून नाव कोरलं तर आपण काय करू? कानाखाली जाळ काढू. काढलाय लोकांनी, व्हिडिओ आहेत. महाराजांनी १६६४ मध्ये पाया घातला, त्या दगडाला हात लावलेला आपल्याला चालत नाही आणि चालू पण नये. त्याच तटाच्या पायथ्याशी पाण्याखाली जे आहे ते किल्ल्याच्या आधीपासूनचं, तिथे मात्र सगळं माफ. कारण दिसत नाही.

थायलंडला जाऊन आलेले तुमच्यात भरपूर असतील. तिथे माया बे नावाची जागा आहे, एका हॉलिवूड पिक्चरमुळे गाजली, मग रोज हजारो माणसं आणि स्पीडबोटींची रांग, कोरलची वाट लागली. २०१८ च्या जूनमध्ये सरकारने ती बंद केली. चार महिने म्हणाले होते, उघडली जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात कोरल लावलं, छोटे शार्क परत आले. आता बोटींना खाडीत यायला बंदी, बेटाच्या मागच्या बाजूने जेटीवर उतरायचं आणि चालत यायचं, दर वर्षी दोन महिने परत बंद. आणि धंदा बुडाला का? लोक अजून जातात, उलट शार्क बघायला जातात. आमच्या पोरांना मी हे सांगितलं की ते म्हणतात, काका, थायलंडचं गिऱ्हाईक ऐकतं, आपलं ऐकत नाही. आता ह्याला उत्तर तुम्हीच द्या.

मध्येच कुणीतरी म्हणेल, काळजी कशाला, गुलदार आहे ना. नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीच्या समुद्रात बुडवून तिथे अंडरवॉटर म्युझियम आणि कृत्रिम रीफ करायची सरकारची योजना आहे, मला ती मनापासून आवडली, गर्दी किल्ल्याजवळून थोडी तिकडे सरकली तर कोरलला श्वास मिळेल. पण लोखंडावर मासे जमणं वेगळं आणि रीफ होणं वेगळं. ते जहाज पण त्याच तापलेल्या पाण्यात असणार आहे. आणि तिथे पण बिस्कीटच नेणार असाल तर अवघड आहे.

विजयदुर्गापासून साधारण १०० किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, समुद्रात बुडालेलं एक भलंमोठं पठार, माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि त्याच्यावर जी कोरल आहेत त्यांचे फोटो बघून तुमचा मालदीवचा हट्ट फिटेल. तिकडे अजून टुरिस्ट नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या बाहेर असल्याने राज्याचा हात तिथे पोचत नाही, जे काय करायचं ते केंद्राने. सध्या तरी अंतरानेच तिला वाचवलंय आणि कुणी क्रूझची टूर काढू नये एवढीच माझी इच्छा, लिहिताना पण भीती वाटते की वाचून कुणीतरी काढेल.

सनस्क्रीनचं पण विचारतात बरेच जण, विशेषतः पुण्याचे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं कोरलला त्रास देतात म्हणून हवाईने २०२१ पासून अशा क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली, पलाऊने त्याच्या आधीच. उष्णतेच्या मानाने हे प्रकरण लहान आहे, पण पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातलात तर क्रीम पण वाचतं आणि पाठ पण भाजत नाही.

तर आता नेमकं मागणं. बुकिंगचा फोन कराल तेव्हा रेटच्या आधी तीन गोष्टी विचारा. खाली बिस्कीट-ब्रेड टाकता का. नांगर कुठे टाकता, वाळूत टाकता की तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या बोयाला होडी बांधता. आणि खाली गेल्यावर आम्हाला कोरलवर उभं करणार का. समोरचा गडबडेल, कारण आजवर त्याला कुणी हे विचारलेलं नाही, त्याला फक्त 'व्हिडिओ मिळेल ना' एवढंच माहीत. गडबडू दे. दिवसात दहा फोन असे आले की दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून सांगायला लागेल की आम्ही टाकत नाही बरं का, आमच्याकडे धंद्याची गोष्ट वाऱ्यासारखी पसरते. कायमचे बोया टाकून घ्यायला फार मोठा खर्च नाही, चार-पाच होडीवाले मिळून करू शकतात, पण गिऱ्हाईक त्यासाठी शे-दोनशे जास्त देईल ही खात्री त्यांना पाहिजे. ती तुम्ही द्या. जो नीट करतो त्याला जास्त पैसे द्या आणि नाव घेऊन चांगला रिव्ह्यू लिहा, त्यात 'बिस्कीट टाकलं नाही' हे मुद्दाम लिहा. आणि वर आल्यावर मासे कमी दिसले म्हणून भांडू नका. दहा मिनिटं गुपचूप तरंगत राहिलात, हातपाय न आपटता, तर पोपटमासा कोरलला चावताना ऐकू येतो, कुडुम कुडुम असा आवाज, सुपारी फोडल्यासारखा. बिस्किटाच्या गोंधळात तो कधीच ऐकू येणार नाही.

खोली पाहिजे असेल तर सांगा, दिवाळीत फुल्ल असतं, त्याच्या आधी किंवा नंतर या. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी पण जास्त स्वच्छ असतं.

तुमचाच,
मालवणातला एक होमस्टेवाला

ता. क. : तुमच्यापैकी काहींच्या हॉलमध्ये मी स्वतः बघितलंय म्हणून लिहितो. ते काळं, जाळीदार, वाळलेल्या फांदीसारखं फ्रेममध्ये लावलेलं 'इंद्रजाल', वास्तुदोष जातो म्हणून हजारो रुपये देऊन घेतलेलं, ते कुठलं हिमालयातलं झाड नाही. सी फॅन किंवा काळं कोरल आहे, समुद्रातून उपटून वाळवलेला प्राणी, आणि तो विकणं-विकत घेणं हा वाघाच्या कातड्यासारखाच गुन्हा आहे, ऑनलाइन मिळतं म्हणून कायदेशीर होत नाही. दुकानात किंवा कुठल्या वास्तुवाल्याकडे विकायला दिसलं तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.